अर्ध्या पगाराची रंगीत तालीम

डब्यात चौऱ्याऐंशी नोटा होत्या, सगळ्या पाचशेच्या. अठ्ठावीसची एक अशा तीन गड्ड्या, प्रत्येकीला एक रबरबँड. डब्याशेजारी टेबलावर सात पाकिटं: भाडं, किराणा, शाळा, वीज-पाणी-गॅस, औषधं, येणं-जाणं, आणि सातवं, ज्यावर नवऱ्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी 'जाऊ दे' असं लिहून ठेवलं होतं. सातही पाकिटांत मिळून नऊशे दहा उरले होते. तिने दोनदा मोजले. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने, कारण एकाच बाजूने दोनदा मोजलं की पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळीही मुकाट्याने तशीच होते.

"नऊशे दहा," ती म्हणाली.

"शिल्लक की तूट?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"शिल्लक."

"मग आवाज असा का, कुणी गेल्यासारखा?"

नवरा हसला. जरा जास्तच हसला. "आई, ही काटेवाली आहे. नऊशे दहा म्हणजे नऊशे दहा आणि किती ग्रॅम, असं चाललंय डोक्यात."

ती खरंच काटेवाली होती. दुकानांतले, कारखान्यांतले, औषधवाल्यांकडचे वजनकाटे आणि वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती; भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि तिथे चिकटली, त्याला आता नऊ वर्षं झाली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पहाटे सहा ते दुपारी दोन पाळी, आणि दोननंतर कुठे लिफ्ट अडकली की जादा काम. त्याचे पैसे कामागणिक वेगळे. दोघांच्या मिळकतीवर घर चालायचं. म्हणजे चालायचं, धावायचं नाही. सहा वर्षांची मुलगी दोनला शाळेतून सुटायची आणि तिला आणायला आजी, म्हणजे सासूबाई, जायच्या. पोर सतत काहीतरी गोळा करून घरात आणायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत.

आता आजी जाणार होत्या. दूरच्या शहरात नणंदेला जुळं होणार होतं आणि तिच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. वर्षभर तरी त्या परत येणार नव्हत्या. तिकीट येत्या रविवारचं होतं.

मग मुंगीला कोण बघणार? शाळेतली संध्याकाळची खोली भरलेली, प्रतीक्षायादीत एकवीस नावं. बाई ठेवायची तर त्यात तिचा स्वतःचा निम्म्याहून अधिक पगार जाणार. तेव्हा तिनेच अर्धा दिवस काम करायचं असं ठरलं. कार्यालयात तशी सोय होती: अर्धा दिवस, अर्धा पगार. एकदा अर्जावर सही केली की वर्षभर मागे घेता येत नाही. आणि अर्धवेळवाल्यांना बारीक वजनांच्या खोलीत बसू देत नाहीत. त्यांना खाली, धान्याच्या काट्यांवर. बारीक वजनांच्या खोलीत जाण्यासाठी ती सहा वर्षं थांबली होती. तिथे श्वास रोखून मिलिग्रॅम मोजावे लागतात. हे तिने घरात बोलून दाखवलं नव्हतं. बोलून काय होणार होतं?

सही करण्याआधी मात्र तिने एक अट घातली. तीन महिने रंगीत तालीम करायची. तिचा अर्धा पगार, चौदा हजार, पगार झाल्या दिवशी डब्यात टाकायचा आणि तो नाहीच असं समजून जगायचं. तोंडमिळवणी झाली तर सही. नाही झाली तर आजींनी काय करायचं, नणंदेने काय करायचं, हा पुढचा प्रश्न. मग रविवारचं बाहेर खाणं बंद झालं, नवे पडदे राहिले, मुंगीचे बूट अर्धा नंबर मोठे घेतले.

पहिल्या महिन्याला अकराशे ऐंशी उरले. दुसऱ्याला सहाशे चाळीस. तिसऱ्याला हे नऊशे दहा.

"म्हणजे जमलं," नवरा म्हणाला. "तिन्ही महिने पास."

"मग मी निर्धास्त जाऊ ना?" सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "आधीच सांगते, तुमचं भागत नसेल तर मी तिकीट रद्द करते. तिकडे बाळं रडतील आणि इकडे तुम्ही. मला दोन्हीकडचं ऐकू येईल."

"जा गं आई. सगळं व्यवस्थित आहे. परदेशात कुठेतरी तर म्हणे आठवड्याचे चारच दिवस काम करणार आहेत सगळे."

"तुला बरं हल्ली जगातलं सगळं माहीत असतं," ती म्हणाली.

"लिफ्टमध्ये माणसं बोलतात," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला. तिसऱ्यांदा.

"हा आला की भांड्याचा तळ दिसतो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

अर्ज तिच्या पर्समध्ये होता. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत द्यायचा होता. फक्त सही बाकी होती. तो दिवसही रविवारच; त्या रात्री ती अर्ज काढणार होती, पण काढला नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. 

---

सोमवारी सकाळी एका कारखान्याची वही तपासायला आली. कारखान्याने स्वतःच्या काट्यावर एकच वजन दहा वेळा ठेवून दहा आकडे लिहून पाठवले होते. दहाही आकडे शेवटच्या घरापर्यंत सारखे.

मोठ्या बाईंनी, म्हणजे खात्याच्या प्रमुखांनी, चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ. किती सुंदर!"

"सुंदरच आहे," ती म्हणाली.

"परत पाठव. दार उघडलं, कुणी शिंकलं, ऊन सरकलं, तरी शेवटचा आकडा हलतो. हलायलाच हवा. हे मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे."

तिने वहीवर शिक्का मारला. शाई नीट उमटली नाही म्हणून परत मारला. आणि तिसऱ्यांदा शिक्का उचललेला तिचा हात तसाच राहिला.

घरच्या जमाखर्चाची वही तिच्या पर्समध्ये असायची. दर एक तारखेला दोघं टेबलाशी बसायची. ज्याने त्याने आपला आकडा तोंडी सांगायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. पगाराची चिठ्ठी मागायची नाही, हा नियम. पहिल्या वर्षी एकदा तिने मागितली होती आणि चार दिवस अबोला झाला होता, त्यातून हा नियम निघाला. सात वर्षं तो पाळला गेला होता.

तिने वही उघडली. जादा कामाचे पैसे, तालमीच्या आधीचे पाच महिने: पाच हजार दोनशे. तीन हजार नऊशे. सहा हजार पन्नास. चार हजार सातशे. पाच हजार चारशे पंचाहत्तर.

तालमीचे तीन महिने: चार हजार तीनशे पन्नास. चार हजार तीनशे पन्नास. चार हजार तीनशे पन्नास.

हे तिच्याच अक्षरात होतं. तो सांगत होता, ती लिहीत होती. आणि तीन वेळा लिहून तिला दिसलं नव्हतं. इतरांच्या वह्या परत पाठवणारी ती!

"काय गं, बरं नाही का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही, बरी आहे."

"मग शिक्का खाली ठेव. हात दुखेल."

दिवसभर तिने काम केलं, पण डोकं दुसऱ्याच वहीत होतं. लिफ्टा काही ठरवून बिघडत नाहीत. मग हे पैसे कुठले? कर्ज काढलं? पण कर्ज काढणारा गोल आकडा काढतो, चार किंवा पाच हजार. हे वरचे साडेतीनशे कशाला? कुणाला काही विकलं? दर महिन्याला तेवढ्यालाच कसं विकेल? पत्ते, शर्यती? त्यात तर आकडा हलणारच. आणि काम नसेल तर मग संध्याकाळी साडेपाचपर्यंत हा असतो कुठे? या प्रश्नाशी आल्यावर तिने विचार करणं थांबवलं, आणि ते थांबलं नाही.

संध्याकाळी तो नेहमीसारखा साडेपाचला आला. मुंगीने विचारलं, "बाबा, आज किती लिफ्टा?" तो म्हणाला, "दोन. एकीत एक आजोबा अडकले होते, ते बाहेरच यायला तयार नव्हते, म्हणाले इथे शांत आहे." मुंगी खिदळली. सासूबाई हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता त्याच्या बुटांकडे बघत राहिली. टाचा बाहेरच्या बाजूने पार घासून गेल्या होत्या. बसने जाणाऱ्या माणसाच्या टाचा तीन महिन्यांत इतक्या घासतात का?

---

मंगळवारी तिने दुपारची रजा टाकली आणि दोनला पाच कमी असताना लिफ्टच्या डेपोसमोर जाऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडे चाव्या करणाऱ्याची टपरी होती, तिच्या आडोशाला. आपण आपल्याच नवऱ्यावर पाळत ठेवतोय, याची तिला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"चावी करायचीय का बाई?" चावीवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग कुलूप बदलायचंय?"

"अजून नाही," ती म्हणाली. 

दोनला भोंगा झाला. माणसं बाहेर पडली, बहुतेक सगळी थांब्यावर जाऊन उभी राहिली. तो शेवटून तिसरा आला. बस उभीच होती, दार उघडं होतं. त्याने बसकडे बघितलंसुद्धा नाही. थांबा ओलांडून तो सरळ चालत निघाला.

ती चाळीस पावलं मागे राहून चालत राहिली. तो कुठे थांबत नव्हता, कुणाला भेटत नव्हता, फोन करत नव्हता. एका खाणावळीसमोरून जाताना मात्र त्याने रस्ता ओलांडला आणि पुढे जाऊन परत अलीकडे आला. पंचावन्न मिनिटं चालून तो सार्वजनिक वाचनालयात शिरला. दाराशी पाण्याचा नळ होता. एक पेला प्यायला. दुसरा. तिसरा. मग वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसला, बूट अर्धवट काढून पाय मोकळे केले आणि परदेशच्या बातम्यांचं पान उघडलं.

ती दाराशीच थांबली. ती मोजत होती. कंपनीचं कॅन्टीन: महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाला शंभर, पगारातून कापून घेतात. दोन हजार सहाशे. शहर-बसचा पास कंपनीच काढून देते, तोही पगारातून; दोन्ही सोडलं की तेवढेच हातात जास्त. सतराशे पन्नास.

ती त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. त्याने पान खाली केलं आणि तसाच बघत राहिला.

"कॅन्टीन दोन हजार सहाशे," ती म्हणाली. "बस सतराशे पन्नास. बेरीज कर."

"तू इथं कशी?"

"बेरीज कर म्हटलं ना!"

"शू," काउंटरवरच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, कडेला कड जुळवून. "जादा काम बंद झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "आता लिफ्टच परस्पर मुख्य कार्यालयाला कळवते काय बिघडलंय ते. दुरुस्तीला ठेकेदाराची माणसं जातात. तालीम सुरू होऊन तिसराच दिवस होता."

"तीन महिने?"

"दोन ठिकाणी विचारलं मी. दुपारचं काम मिळतंय का. नाही मिळालं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी तालीम बंद केली असतीस. आईने तिकीट रद्द केलं असतं. तिकडे ताई एकटी, दोन बाळं घेऊन." त्याने घडी टेबलावर ठेवली. "आणि मला वाटलं, काम परत सुरू होईल. आज होईल, उद्या होईल. मग महिना संपला. तू वही उघडून बसलीस. काहीतरी आकडा सांगायला हवा होता."

"निदान बदलून तरी सांगायचास!" ती जवळजवळ ओरडलीच. "एकदा चार हजार, एकदा पाच..."

"जेवढे होते तेवढेच सांगितले. नसलेले कुठून सांगू?"

 ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"मी शुक्रवारी सही करणार होते," ती कुजबुजली. "कळतंय का तुला? तुझं जेवण आणि बस धरून हिशेब केला तर दर महिन्याला सरासरी तीन हजार चारशे चाळीस कमी पडतायत. डब्यातले बेचाळीस हजार बारा महिने पुरले असते. बारा महिन्यांनी सातशे वीस उरले असते आणि मग काही नाही. की तू वर्षभर असाच उपाशी चालणार होतास?"

"दुपारपुरताच उपाशी."

"विनोद करू नकोस. तुझ्या पोटावर घर चालवलंय आपण तीन महिने, आणि मी शिल्लक लिहून घेतेय. लिहून! आई म्हणतात हा आला की भांड्याचा तळ दिसतो, किराणा महिन्याला चारशेने वाढलाय, आणि मी म्हणतेय महागाई."

तो टेबलाखाली पायाने बूट शोधत होता. त्याचे पाय सुजले होते, बूट चढत नव्हता. ती बघत राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली, बारीक वजनांच्या खोलीत काटा भलतीकडे झुकला की पडायची तशी.

"तू दोनला सुटतोस," ती म्हणाली.

"हो."

"रोज."

"रोज. म्हणून तर इथं येऊन..."

"रोज दोनला सुटतोस. आणि मुंगीला दोननंतर घ्यायला कुणी नाही म्हणून मी अर्धा पगार सोडतेय."

 मग त्याने कपाळावर हात मारून घेतला, चांगला वाजेल असा.

"शू!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "संसार बाहेर करा."

---

बाहेर पायऱ्यांवर बसून तिने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. तिचा पूर्ण पगार अठ्ठावीस हजार, त्याचा हातात येणारा एकतीस, जेवण आणि बस वजा जाऊन. जादा काम शून्य. खर्च आत्ता आहे तसाच. महिन्याला दहा हजार पाचशे साठ उरत होते. तिने उलट्या बाजूने बेरीज केली. तेवढेच.

"झालं की मग!" तो म्हणाला.

"काही झालं नाही. शाळेचं फाटक अडीचला बंद होतं. त्यानंतर मूल राहिलं तर दंड, आणि तीनदा राहिलं तर नाव काढतात. तू दोनला डेपोतून निघून अडीचच्या आत शाळेत पोचतोस का?"

"पोचेन."

"पोचेन हा आकडा नाही."

"अगं, बस वीस मिनिटं घेते. आधी थांब्यापर्यंत, मग शाळेपर्यंत चालायचं. पोचेन."

"थांब्यावर किती वेळ उभा राहणार? हात धुवायला किती? फाटकापाशी किती? तू त्या बसने त्या वेळी शाळेकडे कधी गेलायस का?"

तो कधीच गेला नव्हता.

"बुध, गुरू, शुक्र," ती म्हणाली. "तीन दिवस मोजायचं. मी फाटकासमोर उभी राहीन, जेवणाच्या सुट्टीत. तुझा हात फाटकाला लागला की ती वेळ धरायची. शाळेच्या घड्याळात. तिन्ही दिवस अडीचच्या आत आलास तर अर्ज देणार नाही. एक दिवस जरी चुकलास तर तिथूनच कार्यालयात जाऊन सही करणार."

"एकदा चुकलं तरी? जरा जास्तच कडक नाही का हे?"

"वर्षात शाळेचे दोनशेच्या वर दिवस आहेत. मी तीनच मागतेय."

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या ऐकून घेत होत्या आणि हातातला पेला पुसत होत्या. पेला कधीच कोरडा झाला होता.

"नऊ महिने पोटात होतास तेव्हा एक दिवस उपाशी ठेवला नाही तुला," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि माझ्या तिकिटासाठी तू..." त्यांनी पेला आपटला. "रद्द करते तिकीट. आत्ताच्या आत्ता."

"आई, शुक्रवारपर्यंत थांबा," ती म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं तर मला नवलच वाटतं. दुसऱ्याचं माप सुईच्या टोकाएवढं चुकलं तर शिक्का मारतेस, आणि समोर बसलेला नवरा अर्धा झाला तो दिसला नाही?"

तिने मान खाली घातली. हे तिला दिवसभर कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

"शुक्रवारी तीन वाजेपर्यंत थांबते," सासूबाई म्हणाल्या. "आणि डबा मी देणार. कॅन्टीनबिन्टीन नाही. ए, तू ताट घे आधी."

---

बुधवारी ती शाळेसमोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. मुलं दोनला सुटली, आई-बाप, आजी-आजोबा येऊन एकेकाला घेऊन गेले. पटांगण रिकामं होत चाललं. मुंगी ओट्यावर बसून दप्तरातून खडे काढून रांगेत लावत होती. आई समोर आहे हे तिला माहीत होतं, पण आईकडे बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती दर मिनिटाला एकदा बघत होती आणि दोन्ही हातांनी डोळे झाकत होती.

ओसरीवर मोठं घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं. फाटकावरच्या मावशी त्याच्याखाली साखळी हातात घेऊन बसल्या होत्या.

तो आला तेव्हा दोन वाजून सव्वीस मिनिटं आणि चाळीस सेकंद झाले होते. हाताला ग्रीस तसंच होतं. मुंगीने बोट धरायला नकार दिला, बाहीला धरलं.

गुरुवारी दोन अठ्ठावीस पंधरा.

"कालपेक्षा दीड मिनिट उशीर," तिने संध्याकाळी म्हटलं.

"एका बाईंकडे सुटे नव्हते. कंडक्टर भांडत बसला. मी काय करू?"

"मी दोष देत नाही. मोजतेय."

"उद्याही मोजच," तो म्हणाला आणि बूट काढून पाय गरम पाण्यात सोडले. मग म्हणाला, "तुला त्या बारीक खोलीत राहायचंय ना?"

"कुणी सांगितलं?"

"अर्जाचं पाकीट पर्समधून काढतेस आणि परत ठेवतेस. तीन आठवडे बघतोय."

ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा लावत बसली.

शुक्रवारी तिचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. पर्समध्ये अर्ज होता, आणि पेनसुद्धा. शाळेपासून कार्यालय दहा मिनिटांवर; अडीचला निघालं तरी तीनच्या आत सही होत होती. सगळं बसवलेलं होतं. सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता. "आला का?" "आई, अजून बारा वाजलेत."

दोन वीसला ती पायरीवर होती. पटांगणात अकरा मुलं होती. दोन चोवीसला सहा. दोन सव्वीसला रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसली आणि तिने श्वास घेतला. पण बस पुढे सरकेना. मध्ये एक सामानाचा ट्रक आडवा लागला होता आणि त्याच्या मागच्या फळीवरून दोघंजण कपाट उतरवत होते, अगदी सावकाश, कपाटाला ओरखडा येऊ नये म्हणून.

दोन सत्तावीस. मुलं तीन. दुकानदाराने विचारलं, "ताई, काही हवंय का? तीन दिवस येताय."

"एक पेन्सिल द्या," ती म्हणाली, नजर न काढता.

दोन अठ्ठावीस. ट्रक तिथेच. बसचं दार उघडलं, एक माणूस उतरला. तो नव्हता. दुसरी बाई उतरली. मग तो उतरला, हातात डबा, आणि धावायला लागला. टोकापासून फाटकापर्यंत दोनशे चाळीस मीटर; तिने बुधवारी पावलांनी मोजले होते. पाय सुजलेला माणूस धावतो तसा तो धावत होता, एका पायावर जास्त भार देऊन.

मावशी उठल्या. पदर खोचला. साखळी सरळ केली.

"मावशी, थांबा ना," मुंगी ओट्यावरून म्हणाली. "माझे बाबा पळतायत."

"मी कुठे बंद केलंय अजून? घड्याळाचं काम घड्याळ करतंय, माझं मी."

पटांगणात आता एकटी मुंगी होती. तिने दप्तर पाठीला लावलं होतं आणि खडे मुठीत घेतले होते. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. समोरच्या पायरीवरून तिला त्याच्याकडे बघायचं होतं, पण तिने घड्याळाकडेच बघितलं, कारण आकडा तिथे होता.

त्याचा हात फाटकाला लागला, गज वाजला.

तिने पायरीवर बसून, वही गुडघ्यावर घेऊन नव्या पेन्सिलीने लिहिलं: शुक्रवार. दोन वाजून एकोणतीस मिनिटं, वीस सेकंद.